डावा हिप्पोकॅम्पस आणि एक नॉर्मल रिपोर्ट

सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे. बी.कॉम. झाल्यावर मी तिथंच बसायला लागले, पट्ट्या लिहायला. शेतकऱ्याचं नाव, गाव, पोती, वजन, दर, त्यातून हमाली-तोलाई वजा आणि खाली निव्वळ रक्कम. २०२२ च्या मार्चमधल्या एका पट्टीची कार्बन कॉपी मी अजून जपून ठेवली आहे. वजनापर्यंत सगळं नीट आहे. दराच्या रकान्यात पहिले दोन आकडे आहेत आणि तिसरा आकडा म्हणजे नुसती रेघ. ती रेघ रकाना ओलांडून तिरकी खाली घसरत कागदाच्या कडेपर्यंत गेली आहे. तिथं पेन त्याच जागी इतकं दाबून फिरलंय की कागदाला भोक पडलंय.

रेघ माझ्याच हातची आहे, पण मी ती कधी ओढली ते मला माहीत नाही. समोर बसलेल्या शेतकऱ्यानं अण्णांना, माझ्या वडिलांना, हाक मारली म्हणून कळलं.

माझ्या फिट अशाच असायच्या. आधी पोटातून काहीतरी वर चढायचं, जत्रेतला पाळणा वरून खाली येताना होतं तसं. समोर चाललेलं सगळं आधी एकदा घडून गेलंय असं वाटायचं. मग दीड-दोन मिनिटं मी नसायचे. बघणारे सांगायचे, डोळे उघडे असतात, ओठ चाटल्यासारखे हलतात, डावा हात ओढणीशी चाळा करतो. अंग झटकत नाही, तोंडाला फेस येत नाही. त्यामुळं घरात कित्येक वर्षं कुणी त्याला फिट म्हणालंच नाही. आई तंद्री म्हणायची, आजी बाहेरचं म्हणायची. फिट म्हणजे जमिनीवर पडून हातपाय झाडणं, आणि त्यावर कांदा नाहीतर चप्पल हुंगवायची, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. तशी, सगळं अंग झटकणारी फिट मला पहिल्यांदा आली ती पंधराव्या वर्षी, शाळेच्या मैदानावर. तेव्हा डॉक्टरांकडं नेलं. तंद्री सुरू होऊन तोवर दोन वर्षं झाली होती.

डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी तापात आकडी आली होती का? आली होती. दीड वर्षाची असताना, अर्धा तास थांबली नव्हती, रात्री मिरजेला नेऊन ॲडमिट केलं होतं. आईनं ते सांगितलं, लिहून घेतलं गेलं आणि तिथंच राहिलं. हीच गोष्ट पुढं चौदा वर्षांनी परत निघाली.

२०१३ साली पहिला एमआरआय झाला. रिपोर्टची शेवटची ओळ होती, मेंदूत कोणताही दोष दिसत नाही. नॉर्मल. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना या शब्दाचं ओझं कळेल. त्या दिवशी आम्ही गणपतीच्या देवळात जाऊन पेढे वाटले. नंतर हळूहळू तोच शब्द माझ्या अंगावर यायला लागला. फोटो नॉर्मल आहे म्हणजे मनाचंच असणार, असं नातेवाईक तोंडावर म्हणायला लागले. एक स्थळ ठरता ठरता मोडलं. त्या लोकांनी कायद्याचं नाव काढलं होतं, म्हणून मी शोधून वाचलं. हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचा, म्हणजे फिटच्या आजाराचा, अडथळा होता, तो १९९९ च्या दुरुस्तीनं काढून टाकला. कायद्यातून निघाला, लोकांच्या मनातून निघाला नाही.

गोळ्या चालूच होत्या. आधी कार्बामाझेपिन, मग त्यावर लेव्हेटिरासिटॅम, मग क्लोबाझामही. महिन्याला तीन-चार तंद्र्या ठरलेल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर आला तेव्हा आम्हाला नेसत्या कपड्यांनिशी घर सोडावं लागलं आणि गोळ्यांचा डबा फडताळातच राहिला. तिसऱ्या दिवशी निवारा केंद्रात, शंभर माणसांसमोर, मला लागोपाठ दोन मोठ्या फिट आल्या. आई अजून पुराची आठवण काढते ती त्या फिटपासून, घरात शिरलेल्या पाण्यापासून नाही.

आणि मग २०२२ ची दिवाळी. चकल्या तळताना तंद्री लागली. डावा हात आपला चाळा करत होता आणि उजवा कढईच्या कडेला टेकून राहिला. मनगटापासून कोपरापर्यंत भाजलं. मला दुखलं ते शुद्धीवर आल्यावर.

भाजल्याचं ड्रेसिंग करायला मिरजेला जात होते, तिथल्याच एका डॉक्टरांनी मला दुसऱ्या मेंदूविकारतज्ज्ञांकडं पाठवलं. त्यांनी गोळ्यांची जुनी यादी दहा मिनिटं शांतपणे वाचली. मग म्हणाले, “नीट निवडलेली दोन औषधं पुऱ्या डोसनं घेऊनही फिट थांबत नसतील तर त्याला औषधाला दाद न देणारा अपस्मार म्हणतात. तिसऱ्या-चौथ्या गोळीनं थांबण्याची आशा फार थोडी. तुमचा ऑपरेशनसाठी विचार व्हायला हवा होता. तोही दहा वर्षांपूर्वी.” अपस्माराच्या साधारण तीन रुग्णांपैकी एकाचा आजार असा गोळ्यांना जुमानत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं मी समजत होते, चूक माझी आहे. झोप कमी पडते, उपास करते, विचार फार करते.

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मी आणि दादा मुंबईला गेलो. जिथं अपस्मारासाठी वेगळा विभाग आहे असं ते मोठं रुग्णालय होतं. तिथल्या मॅडमनी २०१३ ची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली, दोन क्षण बघितली आणि खाली ठेवली. “हा एमआरआय परत करायचा,” एवढंच म्हणाल्या.

या दुसऱ्या एमआरआयबद्दल मला नीट लिहायचं आहे, कारण सगळं त्यावरच फिरलं. मशीन ३ टेस्लाचं होतं. टेस्ला हे मशीनमधल्या चुंबकाच्या जोराचं माप. डोक्यावर पिंजऱ्यासारखी कॉइल, कानात बोळे आणि वर हेडफोन, तरी खडखडाट दातात जाणवायचा. पाऊण तासाच्या वर आत होते. फिट आली तर दाबायला हातात रबरी फुगा दिला होता. अपस्मारासाठी एमआरआयची वेगळी पद्धत असते, तिला एपिलेप्सी प्रोटोकॉल म्हणतात. एक-एक मिलिमीटरचे सलग काप घेतात. शिवाय कानाच्या आतल्या बाजूला, टेम्पोरल लोब नावाच्या मेंदूच्या भागाच्या पोटात जो हिप्पोकॅम्पस असतो, त्याच्या लांबीला काटकोनात काप घेतात. तो तिरका बसलेला असतो. नेहमीच्या कापांत तो वाकडातिकडा कापला जातो आणि दोन बाजूंची तुलना करताच येत नाही.

मॅडमनी स्क्रीनवर दाखवलं. हिप्पोकॅम्पस म्हणजे ग्रीकमध्ये समुद्रघोडा, त्याच्या आकारावरून पडलेलं नाव. उजवीकडचा गुबगुबीत होता, आतल्या पापुद्र्यांच्या रेघाही दिसत होत्या. डावीकडचा आक्रसून बारीक झाला होता, आतल्या रेघा पुसलेल्या, आणि फ्लेअर नावाच्या फोटोत तो बाजूच्या भागापेक्षा पांढरा चमकत होता. याला हिप्पोकॅम्पल स्क्लेरोसिस म्हणतात. पेशी मरून त्या जागी वण राहतो. लहानपणी तापातली लांबलेली आकडी आणि हा वण, दोन्ही एकाच माणसात पुष्कळदा सापडतात. दीड वर्षाच्या मला रात्री मिरजेला नेलं होतं, ती रात्र त्या पांढऱ्या डागात असावी असं मला वाटलं. मॅडम तसं म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, शक्यता आहे.

मी जुनी फिल्म परत बघायची म्हणून हट्ट धरला. तिच्यात जाड जाड काप होते, मध्ये मोकळी जागा सोडलेली. हिप्पोकॅम्पस जेमतेम दोन कापांत आला होता, तोही तिरका. मॅडम म्हणाल्या, “ज्यांनी वाचला त्यांना यात दिसण्यासारखं फार नव्हतं.” मला ते पटलं, पण माझा राग गेला नाही. ज्या केंद्रात तो काढला तिथं चिठ्ठीवर ‘फिट’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. फिटच्या रुग्णाचा एमआरआय कसा काढायचा हे ठरलेलं असताना डोकेदुखीच्या रुग्णासारखा काढला, आणि त्यावर नॉर्मल असा शिक्का मारला. दहा वर्षं. आजार जितका जुना, तितकी ऑपरेशननंतर फिट थांबण्याची आशा कमी होत जाते, हे नंतर कळल्यावर तर जास्तच लागलं.

वण दिसला म्हणून लगेच ऑपरेशन होत नाही. फिट खरोखर त्याच वणातून निघते का, हे सिद्ध करावं लागतं. त्यासाठी व्हिडिओ ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद आणि सोबत चित्रण. कोलोडियन नावाच्या उग्र वासाच्या डिंकानं डोक्यावर पंचवीसेक तारा चिकटवल्या, वर पट्टी बांधली, समोर कॅमेरा. पाच दिवस पलंग सोडायचा नाही. गोळ्या मुद्दाम कमी केल्या. ज्या फिटला आयुष्यभर टाळलं तिची वाट बघत पडून राहायचं. दादा रात्रभर बटणावर अंगठा ठेवून खुर्चीत बसायचा. तिसऱ्या रात्री पहिली आली, नंतर आणखी दोन.

मी माझी फिट बघितली ती तिथं. मॅडमनी विचारलं, बघायची आहे का, नको असेल तर नको. मी हो म्हटलं. स्क्रीनवरची मी उशीला टेकून पुस्तक वाचत होते. मान किंचित वर झाली. ओठ हलायला लागले. डावा हात चादरीची कड चिमटीत धरून सोडत होता, परत धरत होता. उजवा हात हळूहळू कडक होऊन मनगटात वळला, बोटं ताठ. तोच हात, कढईवर टेकलेला. सिस्टर पळत आल्या. “ताई, लक्षात ठेवा, कमळ. हात वर करा. हे काय आहे?” त्यांच्या हातात चावी होती. फिट संपून मी डोळे मिचकावायला लागले तरी उत्तर येईना. मी चावीकडं बघत म्हणत होते, “ते… ते… उघडायचं… ते.” चार मिनिटांनी “चावी” म्हणाले. कमळ तर कधीच नाही आठवलं.

हे बघताना दादा बाहेर गेला. मी मात्र परत लावायला सांगितलं. सोळा वर्षं सगळे मला सांगत होते की तू अशी करतेस, आणि मी कुणावर पूर्ण विश्वास ठेवू शकत नव्हते, आईवरसुद्धा. आता स्वतः बघितलं.

मॅडमनी त्यातलं एकेक उलगडून सांगितलं. उजवा हात वळतो, म्हणजे गडबड डाव्या मेंदूत. फिटनंतर शब्द सापडत नाहीत, म्हणजे बोलण्याची बाजूही बहुधा डावीच, आणि फिट तिला धक्का देऊन जाते. ईईजीच्या रेघाही तिन्ही वेळा डाव्या टेम्पोरल भागातूनच उठल्या होत्या.

पेट स्कॅनला फार वेळ लागला नाही. सहा तास उपाशी, बोटातून साखर तपासली, शिरेतून किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर दिली आणि अंधाऱ्या खोलीत न बोलता पडून राहायला सांगितलं. त्या फ्लोरिनचा जोर सुमारे ११० मिनिटांत निम्मा होतो, म्हणून सगळं घड्याळ लावून चालतं. मेंदूचा जो भाग आजारी असतो तो दोन फिटच्या मधल्या काळात साखर कमी खातो. माझा डावा टेम्पोरल लोब उजव्याच्या मानानं फिका आला.

फंक्शनल एमआरआय मला आवडला, हे खरं सांगते. मशीनच्या आत पडून मनातल्या मनात शब्द म्हणायचे. पडद्यावर ‘क’ आला की क पासून सुरू होणारे. कळशी, कणीक, कुंकू, कासरा, कुदळ, कांडप. मग ‘थांबा’ यायचं. मग ‘प’. पोतं, परात, पट्टी, पेव, पायली. डोकं ज्या भागानं काम करतं तिथं रक्त वाढतं, तेवढाच भाग फोटोत रंगून येतो. माझे सगळे शब्द डावीकडं रंगले.

म्हणजे वण डावीकडं आणि भाषाही डावीकडं. इथून माझी झोप गेली. मी मोबाईलवर वाचत बसायचे. अमेरिकेतला हेन्री मोलेसन, १९५३ साली फिटसाठी त्याचे दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस काढले आणि त्यानंतर २००८ मध्ये मरेपर्यंत त्याला रोजच्या नव्या घटना लक्षात ठेवता आल्या नाहीत. वाचून मी मॅडमना फोन केला आणि रडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून सांगितलं, त्याच्या दोन्ही बाजू गेल्या. त्या एका माणसामुळंच आज ऑपरेशनआधी दुसरी बाजू धड आहे का, हे इतकं काटेकोर बघतात.

स्मरणशक्तीची चाचणी दोन दिवस चालली. मराठीतून घेतली, याचं मला फार बरं वाटलं. पंधरा शब्दांची यादी पुन्हा पुन्हा ऐकवली, अर्ध्या तासानं विचारली. मला चार आठवले. आकृत्या मात्र छान आठवल्या. मी खचले, तर मानसतज्ज्ञ ताई म्हणाल्या, “शब्द साठवायचं काम डाव्या हिप्पोकॅम्पसनं बऱ्यापैकी सोडून दिलंय. ज्यांची ही स्मृती उत्तम असते आणि डावा हिप्पोकॅम्पस धडधाकट दिसतो, त्यांचं ऑपरेशननं जास्त नुकसान होतं. तुमच्याकडं त्यातलं गमवायला कमी उरलंय.” वाईट निकालात चांगली बातमी असते ही गोष्ट पचायला मला वेळ लागला.

मग आकडा. अण्णा खास त्यासाठी सांगलीहून आले होते. दर ऐकल्याशिवाय सौदा करायचा नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा शिरस्ता. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, “किती टक्के?”

मॅडमनी टाळलं नाही. म्हणाल्या, २००१ साली कॅनडात टेम्पोरल लोबच्या ८० रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून अभ्यास झाला. ४० जणांना ऑपरेशनच्या गटात टाकलं, ४० जणांना औषधांवर ठेवलं. वर्षाअखेर शुद्ध हरपणाऱ्या फिटपासून मोकळे झालेले ऑपरेशनच्या गटात ५८ टक्के होते, औषधांच्या गटात ८. दिल्लीच्या एम्सनं मुलांवर केलेला असाच अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ७७ टक्के आणि ७. पण हे पहिल्या वर्षाचे आकडे. लंडनमध्ये ६१५ मोठ्या माणसांचा ऑपरेशननंतर वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा नुसती पूर्वसूचना येणं सोडलं तर पाच वर्षं सलग फिटविना राहिलेले ५२ टक्के निघाले, दहा वर्षांनी ४७. त्यात सगळ्या प्रकारची ऑपरेशनं होती.

अण्णांनी हे सगळं खिशातल्या डायरीत लिहून घेतलं. मग म्हणाले, “ही झाली बाजाराची सरासरी. माझ्या पोरीचा माल कसा आहे ते सांगा.” मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, बरोबर विचारलंत.

आणि पुढची वीस मिनिटं त्यांनी आम्हाला जे सांगितलं ते मला आजवरच्या कुठल्याही डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. एमआरआयमध्ये वण दिसतो, ही सगळ्यात मोठी जमेची बाजू. २०१० मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र मोजणी झाली, तिच्यात फोटोत किंवा काढलेल्या तुकड्यात दोष सापडलेल्यांचे ऑड्स, म्हणजे फिट थांबलेल्यांचं न थांबलेल्यांशी गुणोत्तर, दोष न सापडलेल्यांच्या अडीच पट निघालं. दुसरी जमेची बाजू, एमआरआय, ईईजी, पेट, फिटचा व्हिडिओ, सगळे एकाच जागेकडं बोट दाखवतात. तिसरी, उजवी बाजू स्वच्छ आहे. चौथी, लहानपणची तापातली आकडी. विरुद्ध बाजूला, आजार सोळा वर्षांचा आहे आणि सगळं अंग झटकणाऱ्या फिटही येऊन गेल्यात, या दोन्ही गोष्टी आकडा खाली ओढतात. सगळं धरून त्या साठ ते सत्तरच्या मध्ये म्हणाल्या. आणि जोडून म्हणाल्या, “तुमच्यासारख्या शंभर मुलींबद्दल मी बोलतेय. त्या शंभरात तुम्ही कुठं असाल ते मला दिसत नाही.”

तिथल्या एका तरुण डॉक्टरांनी आधी माझी संमती घेऊन एमआरआयच्या वेळी दहा मिनिटं जास्त घेतली होती, संशोधनासाठी. डिफ्यूजन म्हणतात त्याला. मेंदूच्या धाग्यांमधून पाणी धाग्याच्या दिशेनं सहज सरकतं, आडवं तितकं सरकत नाही. त्यावरून कुठला भाग कुठल्या भागाला जोडलाय आणि तो धागा धड आहे का, याचा नकाशा काढतात. मी त्यांना विचारलं, सारखाच वण असलेल्या दोघींपैकी एकीची फिट थांबते, दुसरीची नाही, असं का? त्यांनी कागदावर दोन गोल आणि जाळं काढून समजावलं. फिट एका गोळ्यातून निघते पण जाळ्यातून पसरते. गोळा काढला तरी बाहेरचं जाळं बिघडलेलं असेल तर फिट परत वाट काढते. २०१७ मध्ये लिव्हरपूलच्या संशोधकांनी हिप्पोकॅम्पल स्क्लेरोसिसच्या ४३ जणांचे ऑपरेशनआधीचे असे नकाशे तपासले. ज्यांच्या फिट राहिल्या त्यांच्यात कापायच्या हद्दीबाहेरचे काही धागे आधीपासूनच बिघडलेले दिसले, एक तर चक्क दुसऱ्या बाजूचा. आता असे पूर्ण मेंदूचे नकाशे संगणकाला शिकवून त्याच्याकडून भाकीत करून घ्यायचे प्रयत्न चालू आहेत.

मी लगेच म्हटलं, मग माझा नकाशा काय म्हणतो? ते म्हणाले, “ते मी तुम्हाला सांगणार नाही, कारण त्यावर आज कुणी निर्णय घेऊ नये. थोड्या रुग्णांवर शिकलेला संगणक दुसऱ्या मशीनच्या, दुसऱ्या गावच्या फोटोंवर तितकाच खरा ठरतो का, ते आधी तपासायला हवं. तुमचा फोटो त्या तपासणीत जाईल.” तेव्हा मला ते कोरडं वाटलं. आता वाटतं, सगळ्यात प्रामाणिक वाक्य तेच होतं. २०१३ मध्ये एका अपुऱ्या फोटोवर कुणीतरी ठामपणे नॉर्मल लिहिलं होतं. हा माणूस त्याहून कितीतरी चांगला फोटो हातात असून ठाम बोलायला तयार नव्हता.

धोकेही स्पष्ट सांगितले. शब्द अडखळतील, वस्तूंची नावं चटकन येणार नाहीत. नजरेचा उजवीकडचा वरचा कोपरा जाऊ शकतो. क्वचित रक्तस्राव, अर्धांग. परतीच्या गाडीत अण्णा बराच वेळ गप्प होते. कराडच्या पुढं म्हणाले, “हळकुंड मोडल्याशिवाय आतला रंग कळत नाही. चाळीस वर्षं मी हेच करत आलो. हे लोक न मोडता एवढं बघतात म्हणजे मोठंच आहे. पण शेवटी मोडल्यावरच कळणार. तुझी तयारी आहे का बाई?” आई नको म्हणत होती. मी हो म्हटलं, टक्केवारीपेक्षा जास्त त्या व्हिडिओमुळं, त्या उजव्या हातामुळं.

जानेवारी २०२४ मध्ये ऑपरेशन झालं. त्याचं मला सांगण्यासारखं फार आठवत नाही. डाव्या टेम्पोरल लोबचा पुढचा भाग आणि त्याच्या पोटातला हिप्पोकॅम्पस काढला. जाग आल्यावर समोर सिस्टर होत्या, त्यांनी पेन दाखवलं. मला ते काय आहे हे पुरतं ठाऊक होतं आणि नाव येत नव्हतं. ते दोन आठवडे वाईट गेले. मग शब्द परतायला लागले.

काढलेल्या भागाचा रिपोर्ट तीन आठवड्यांनी आला. पेशी कमी झालेल्या, वण भरलेला, हिप्पोकॅम्पल स्क्लेरोसिस. एमआरआयनं जे सांगितलं होतं तेच. अण्णांनी तो कागद दोनदा वाचला, घडी घालून डायरीत ठेवला आणि आईला म्हणाले, “आतला रंग निघाला तोच.”

तेव्हापासून शुद्ध हरपेल अशी एकही फिट आलेली नाही. मे २०२४ मध्ये एकदा पोटातून वर चढलं, मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले, आणि ते तसंच विरलं. मॅडमनी त्याची नोंद घेतली. ऑपरेशननंतर फिट किती उरल्या हे सांगणारी एंगेल नावाची मोजपट्टी असते, तिच्यावर मी अजून पहिल्या, म्हणजे सगळ्यात चांगल्या वर्गात आहे. गोळ्या चालू आहेत, दोन वर्षं तरी त्यांना हात लावायचा नाही. गोदामात उजवीकडच्या थप्पीवरचं सगळ्यात वरचं पोतं मला मान वळवल्याशिवाय दिसत नाही. ‘चाळण’, ‘झाकण’ असे साधे शब्द अजून कधीकधी जिभेवर येऊन थांबतात. वर्षभरानं परत स्मरणशक्तीची चाचणी झाली, पंधरापैकी चारच आठवले. आधी होते तेवढेच.

मागच्या महिन्यात तासगावकडचे एक शेतकरी दुकानात पट्टीसाठी थांबले होते. माझ्या कानापुढच्या वणाकडं बघत राहिले, मग संकोचत विचारलं. त्यांच्या पोरीलाही तंद्री लागते, अकरावीत आहे. “पण फोटो काढलाय ताई. नॉर्मल आहे.” मी विचारलं, कसला फोटो? ते त्यांना सांगता येईना. मी कोरी पट्टी घेतली, उलटी केली आणि मागं मोठ्या अक्षरात लिहिलं, एपिलेप्सी प्रोटोकॉल एमआरआय, ३ टेस्ला. खाली लिहिलं, जुनी फिल्म बरोबर न्यायची. लहानपणी तापात आकडी आली होती का ते आठवून सांगायचं. फिट आली की मोबाईलवर व्हिडिओ काढायचा, दोन्ही हात दिसतील असा.

त्यांनी विचारलं, “मग बरी होईल का?”

मी म्हटलं, ते आत्ता कुणालाच सांगता येणार नाही, आधी फोटो नीट काढून घ्या. त्यांनी कागदाची घडी घातली आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. मग मी त्यांची पट्टी लिहायला घेतली. एकवीस पोती होती.